मुलगा वयात येताना



शहापूर-मुरबाडच्या गावपाड्यांतला मुलगा सातवी-आठवीत गेला की त्याचा आवाज फुटतो, ओठांवर मिसरूड दिसू लागते. घरात या विषयावर कोणी बोलत नाही व शाळेत तो धडा घाईने उरकला जातो. मग मुलगा उत्तर शोधतो ते भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातीत किंवा मोबाईलवर. म्हणून हे चार शब्द.

वयात येणे हा रोग नव्हे. साधारण ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून काही संप्रेरके अधिक प्रमाणात सुटू लागतात. त्यामुळे वृषण टेस्टोस्टेरॉन तयार करतात. प्रथम वृषण वाढतात. पुढे शिश्नाची वाढ होते, जांघेत व काखेत केस येतात, उंची झपाट्याने वाढते. स्वरयंत्र मोठे होते म्हणून आवाज घोगरा होतो. घाम वाढतो, मुरूम येतात. एक वृषण दुसऱ्यापेक्षा थोडे खाली असणे स्वाभाविकच आहे. अनेक मुलांच्या छातीला हुळहुळी गाठ येते. ती बहुधा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जिरते. कोणाला हे बदल लवकर होतात, कोणाला उशिरा. त्यावरून कोणालाही चिडवू नये.

झोपेत वीर्य बाहेर पडते, त्याला लोक 'स्वप्नदोष' म्हणतात. वास्तविक त्यात दोष काहीच नाही. चाळीस थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब बनतो, ही समजूत खोटी आहे. वीर्य म्हणजे ग्रंथींचा स्राव व पुरुषबीजे. ते शरीरात सतत तयार होत असते. हस्तमैथुनाने अंग खंगते, ही भीतीही निराधार आहे. याच भीतीवर भोंदू वैद्यांचा धंदा चालतो आणि मजुरीचे पैसे चूर्णात जातात.

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले व वाचकांच्या अशाच प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे दिली. त्याबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. परंतु लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील होत नाही, ही बाबासाहेबांची भूमिका आजही मार्गदर्शक आहे. त्यांचे नाव घेणाऱ्या घरात मुलाचा प्रश्न लाजेने दाबला जाऊ नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे? नऊ वर्षांआधीच बदल सुरू झाल्यास, चौदा वर्षे पूर्ण होऊनही काहीच बदल न दिसल्यास किंवा वृषण पिशवीत उतरलेले नसल्यास. वृषणात अचानक तीव्र वेदना झाल्यास मात्र एक तासही दवडू नये. वृषणाला पीळ पडला असेल तर ते निकामी होऊ शकते. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठावे.

रोज अंघोळ करावी, जांघा व गुप्तांग स्वच्छ धुवावेत, पोटभर जेवावे, खेळावे. आणि वडिलांनी, मोठ्या भावाने मुलाला जवळ बसवून सांगावे, "बाळ, हे सगळ्यांनाच होते. मलाही झाले होते."