डॉक्टर, सेविका आणि विहीर

घरांत कोणी आजारी पडलें कीं आपण चांगल्या डॉक्टरचा शोध करतों आणि तो सांपडला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें समजतों. परंतु असा डॉक्टरही एकटा पडला तर किती थिटा ठरतो, हें जामखेडच्या हकीकतीवरून वाचकांच्या ध्यानीं येईल.

त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील ह्या दुष्काळी तालुक्यांत डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें १९७० सालीं काम आरंभिलें. गांवोगांव शिकलेल्या परिचारिका ठेवाव्या, हा त्यांचा पहिला बेत. पण परक्या खेड्यांत एकट्या स्त्रीनें राहावें कसें? आणि बाहेरच्या बाईचें गांव ऐकणार तरी कशाला? तेव्हां गांवानेंच आपल्यांतली एक स्त्री निवडावी असें ठरलें. निवडलेल्यांपैकीं पुष्कळजणी निरक्षर होत्या. कित्येक दलित समाजांतल्या.

गरोदर स्त्रीची काळजी, बाळंतपण, मुलांचें वजन, हगवणीवर मीठ-साखरेचें पाणी, क्षय व कुष्ठरोग ओळखणें, हें सर्व त्या जामखेडास वारंवार येऊन, पुस्तकावांचून शिकल्या. निरनिराळ्या जातींच्या ह्या स्त्रिया तेथें एकत्र राहत, एकत्र जेवत. हाही शिक्षणाचाच भाग होता.

खरा कठीण धडा मात्र डॉक्टरांस होता. कोणत्या घरची सून अर्धपोटी निजते, हें डॉक्टरच्या नळींतून ऐकूं येत नाहीं. सेविकेस तें ठाऊक असतें. परिचारिकेनें तिचें ऐकावें, डॉक्टरनें दोघींचें ऐकावें आणि मग उपचार ठरवावा, हा क्रम उलटा वाटतो खरा! आपल्या घरांतही धाकट्या सुनेचें दुखणें शेवटीं कळतें; तेंही स्वयंपाक अडला म्हणजे.

ह्या कार्यांत भूगर्भशास्त्रज्ञाचेंही साहाय्य घेतलें, हें वाचून नवल वाटेल. पण घाण पाण्याची हगवण औषधानें किती दिवस थोपवावयाची? विंधनविहिरी दलित वस्तीच्या बाजूस घेण्याची युक्ति योजिली. पाणी हवें त्यानें तेथें जावें. औषधाच्या कोणत्या बाटलीनें हें साधलें असतें?

संस्थेच्या नोंदींप्रमाणें १९७१ सालीं तेथें जन्मलेल्या दर हजारांतील १७६ मुलें वर्षाच्या आंत दगावत. १९७६ सालीं हा आंकडा ५२ वर आला. १९७९ सालीं ह्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. पुढें देशोदेशींचे डॉक्टर व परिचारिका जामखेडास शिकावयास येऊं लागल्या, आणि त्यांस शिकविणाऱ्यांत ह्या खेड्यांतल्या सेविकाही असत.