काज पोर्तुगीज, शिवण आपलीच

सिरसाळ्यात शिंप्याच्या दुकानात गप्पा रंगल्या की कुणीतरी ठासून सांगतोच, “शिवणं आपल्याला बाहेरच्यांनी शिकवलं. त्याआधी आपण कापड नुसतं गुंडाळत होतो. शब्दच बघा ना, अस्तर, रफू, काज!” हे इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

हे तिन्ही शब्द बाहेरून आले, हे खरंच आहे. अस्तर आणि रफू फारशीच्या वाटेने आले. काजाचा ‘कार्या’शी संबंध नाही. पोर्तुगीज ‘काझा’ म्हणजे घर, इथे बटणाचं घर. गोव्याचे भाषापंडित सेबास्तियांव दालगादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवरच्या १९१३ च्या ग्रंथात त्याची नोंद केली आहे.

पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. उसन्या शब्दावरून फार तर कुणाशी आपला संबंध आला ते कळतं. सुई धरायला कुणी शिकवलं, ते कळत नाही.

सुई आली संस्कृत ‘सूची’वरून, शिवणं ‘सिव्’ धातूवरून. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात, बत्तिसाव्या सूक्तात, राका देवतेने न तुटणाऱ्या सुईने शिवावं अशी प्रार्थना आहे. अमरकोशात शिंप्याला दोन नावं आहेत, तुन्नवाय आणि सौचिक. आता बाहेरचे कधी आले ते बघा. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला १२९६ मध्ये. संत नामदेव परंपरेनुसार १२७० मध्ये जन्मले, तेही शिंप्याच्या घरात. पोर्तुगीज तर १४९८ मध्ये आले. मग त्या घराला सुईदोरा कुणी शिकवला?

पुरावा घरातही आहे. ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडात गोधडी असतेच. जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर धावदोऱ्याच्या ओळी. दोरा धावत जातो म्हणून धावदोरा. टाका, दोरा, ठिगळ, धावदोरा, यातला एकही शब्द फारशी नाही की पोर्तुगीज नाही.

आणखी काही गैरसमज:

‘हेम’ घालणे यातलं हेम म्हणजे सोनं नव्हे. तो इंग्रजी शब्द आहे, अर्थ कापडाची दुमडून शिवलेली कड.

कशिदा काशीचा नाही. फारशी ‘कशीदन’ म्हणजे ओढणे.

इस्त्रीत स्त्री शोधू नका. मूळ पोर्तुगीज ‘इश्तिरार’, म्हणजे ताणणे.

उसने शब्द हाकलायची गरज नाही. काज काजच राहू द्या. पण शिवणवर्गात ‘रनिंग स्टिच’ शिकवताना फळ्यावर धावदोराही लिहा. नाहीतर पुढची पिढी म्हणेल, हा टाकासुद्धा इंग्रजांनीच दिला.