पीक वाढलं, सोलणं उरलं

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काँगोत कसाव्यावर, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्याच कंदाच्या पिकावर, पिठ्या ढेकूण पडला. सीताफळ-द्राक्षवाल्यांना अशा किडीची ओळख करून द्यायला नको. कसाव्यावरची ही कीड दक्षिण अमेरिकेतून आफ्रिकेत आली, तिचा शत्रू मात्र तिकडेच राहिला. नायजेरियातल्या इबादानच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत हान्स हेरन यांच्या गटाने १९८१पासून पॅराग्वेतली एक चिमुकली परजीवी गांधीलमाशी सोडायला सुरुवात केली आणि कीड आटोक्यात आली. हेरन यांना १९९५चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेच्या सुधारित जातींनी खत न घालताही जास्त कंद दिले. नायजेरिया कसाव्याच्या उत्पादनात जगात पहिला झाला.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पण कंद काढला की दोन-तीन दिवसांत खराब व्हायला लागतो. पीक वाढलं, म्हणजे बायकांचं काम वाढलं. सुरीने सोलायचं, खिळ्यांनी भोकं पाडलेल्या पत्र्यावर किसायचं, कीस पोत्यात भरून वर दगड ठेवायचे. पाणी निथळेपर्यंत तो आंबतो. मग चाळून पसरट कढईत, धूर डोळ्यांत घेत, सतत हलवत भाजायचा. ही झाली गारी. ती महिनोन्‌महिने टिकते आणि बाजारात रोकड देते.

यातली कुठलीच पायरी हौसेची नाही. कडू जातींतलं सायनाइड अशाच खटाटोपाने जातं. १९८१च्या दुष्काळात मोझांबिकच्या नामपुला भागात भुकेपोटी सायनाइड काढायची प्रक्रिया आखूड झाली आणि बायका-मुलांचे पाय कायमचे अधू झाले. त्या रोगाला कोंझो म्हणतात.

किसण्याचं इंजिनवालं यंत्र गावोगाव पोचलं, तेव्हा खरा दिलासा मिळाला. माझ्या मते सुधारित वाणाइतकंच श्रेय या यंत्राचं. मात्र १९८९पासून फेलिक्स न्वेके यांच्या नेतृत्वाखाली सहा देशांत झालेल्या पाहणीत दिसलं, की यंत्रांचे मालक बहुतेक पुरुष होते. ‘बायकांचं पीक’ हे बिरुदही अर्धंच खरं निघालं. पिकातून पैसा येऊ लागला तसे पुरुष शेतात उतरले. म्हणून पुढच्या काळात बायकांच्या बचत गटाच्या मालकीचं यंत्र हा आग्रह धरणं रास्तच होतं.

सोलण्याचं काय? कंद वेडावाकडा, एकासारखा दुसरा नाही, म्हणून यंत्राच्या मापात बसत नाही. बायका अजून गोल करून बसतात आणि सुरीनेच सोलतात.