घर कलावंताचे, ठेवा सर्वांचा



ऊस तुटून गेला की गारगोटी भागातील आपली मंडळी कोल्हापूरची कामे काढतात. कोर्ट, दवाखाना, बाजार उरकला की लगेच एस.टी. धरतात. पुढच्या खेपेला तासभर काढून राजारामपुरीतले 'निसर्ग' हे घर बघून यावे, असे आम्ही सुचवतो. हे घर नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचे.

जुन्या मंडळींना १९५२ च्या 'छत्रपती शिवाजी' चित्रपटातील महाराज आठवत असतील. ते हेच मांडरे. १९६६ च्या 'पवनाकाठचा धोंडी'तही तेच होते. पण हा माणूस मुळात बाबुराव पेंटरांच्या तालमीतला. पडद्यावर नाव झाले तरी ब्रश काही सुटला नाही. निसर्गचित्रे आणि पावडर शेडिंगची चित्रे त्यांनी आयुष्यभर काढली. पुढे घर व चित्रे त्यांनी शासनाला दिली आणि १९८७ साली तिथे कलासंग्रहालय सुरू झाले. मांडरे २००१ मध्ये वारले. म्हणजे राहत्या घराचे संग्रहालय झालेले त्यांनी स्वतः पाहिले.

आपल्याकडे काय होते? थोरला माणूस म्हणतो, "माझ्यामागं वाड्यात वाचनालय करा." ते तोंडीच राहते. मग वाटणी होते, मधे भिंत येते, कौले सरकतात आणि दोन-चार पावसाळ्यांत आढे वाकते.

म्हणून कायदा ध्यानात ठेवावा. हयातीत घर द्यायचे तर बक्षीसपत्र लागते. ते नोंदवलेले हवे, त्यावर देणाऱ्याची सही व किमान दोन साक्षीदार हवेत आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीतच स्वीकारले पाहिजे. घर वडिलोपार्जित व सामाईक असेल तर एकट्याने परस्पर देता येत नाही, भावा-बहिणींची संमती घ्यावी लागते. मुलींचा हक्क विसरू नये. पुढे कौले कोण चाळणार, वीजबिल कोण भरणार, कुलूप रोज कोण उघडणार, हेही आधीच लिहून ठेवावे. 'निसर्ग'ची जबाबदारी शासनाच्या पुरातत्त्व खात्याने घेतली. गावात ती ग्रामपंचायतीला किंवा नोंदलेल्या संस्थेला घेता येईल.

ज्यांच्या मनात असे काही आहे, त्यांनी पाडव्याला भावंडे एकत्र येतील तेव्हा विषय काढावा. वकिलाकडे त्यानंतर जावे, पण जावे जरूर.