आठ हातांपासून सात फुटांपर्यंत

तापीवरचं हतनूरचं धरण 1982 मध्ये पूर्ण झालं. त्याआधी यावलकडून तापीवर गळ टाकायला जाणाऱ्याच्या खांद्यावर एकाच मापाची काठी दिसायची, आठ हातांची. म्हणजे बारा फूट. कोणी हौसेने दहा हातांची आणायचा, पण ती दुपारपर्यंत पेलायला मनगटही तसंच लागायचं. रीळ नव्हतं. दोरी शेंड्याला पक्की बांधलेली आणि जवळपास काठीइतकीच लांब. गळ कुठवर पोचणार हे सगळं काठीच्या लांबीवर होतं. उन्हाळ्यात नदी आटून डोह उरायचे, काठाला दगड नाहीतर बाभळी. डोहाच्या मध्याकडे गळ न्यायचा तर काठी लांबच हवी. दुसरा उपाय नव्हता.

ती काठी सातपुड्यातली. डोंगराच्या कोरड्या उतारावर वाढणारा माणवेल बांबू, शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. पाणी कमी असेल तिथे तो जवळजवळ भरीव वाढतो, म्हणून लाठीलाही तोच आणि गळालाही तोच. आमचे मामा थंडीत तोडलेलाच बांबू घ्यायचे. पावसाळ्यातल्या ओल्या बांबूला भुंगा लवकर लागतो. पेरं जवळजवळ असलेला, बुडाशी अंगठ्याहून थोडा जाड आणि शेंड्याला करंगळीहून बारीक असा एक निवडायला त्यांना अख्खी मोळी उपसावी लागे. मग निखाऱ्यांवर धरून एकेक बाक गुडघ्यावर दाबून सरळ करायचा, जवसाचं तेल चोळायचं आणि बुडाशी वीट बांधून आढ्याला टांगून ठेवायचा. वीट नसली तर सुकताना बाक परत येतो. अशी सरळ झालेली काठी पाण्यावर आडवी धरली की शेंडा वीतभर खाली झुकायचा, त्याहून जास्त नाही. ही परीक्षा आजच्या महागड्या काठीलाही लावून बघावी.

याच जातीच्या बांबूने जगभरच्या गळवाल्यांना काठ्या दिल्या, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीर कलकत्त्याहून जहाजाने गेलेला बांबू उभा चिरत, त्याच्या तिकोनी पट्ट्या तासत आणि सहा पट्ट्या सरसाने जोडून काठी बनवत. तिकडे त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली, दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आला आणि 1970च्या दशकात कार्बन फायबर. एकूणात काठी हलकी होत गेली. बारा फूट पेलवत नाही म्हणून आखूड घ्यायची ही अडचण संपली, आणि लांबी कशासाठी हवी हा प्रश्न पहिल्यांदा मोकळेपणाने विचारता आला.

त्याचं उत्तर सगळ्यात बारकाईने शोधलं ते अमेरिकेतल्या बास माशाच्या मागे लागलेल्यांनी. रे स्कॉट यांनी 1968 मध्ये बासवाल्यांची संघटना काढली आणि या माशाच्या स्पर्धा जोरात सुरू झाल्या. तेव्हा होडीतून गळ टाकणाऱ्यांच्या हातात साडेपाच फुटांची, पिस्तुलासारख्या मुठीची आखूड काठी असे. एका हाताने नेमकी फेक, बस. कॅलिफोर्नियाच्या डी थॉमस यांनी हे उलटवलं. त्यांची सवय लव्हाळ्यात बारा फुटांहून लांब काठी घालून, आखूड दोरीचा गळ सरळ खाली सोडण्याची. स्पर्धेत काठीला आठ फुटांची मर्यादा आली, तेव्हा त्यांनी तेच तंत्र साडेसात फुटांच्या जाड काठीवर बसवलं. फेक नाही, हाताने दोरी ओढून धरायची आणि झोका देऊन गवताच्या भोकात गळ उतरवायचा. याला तिकडे ‘फ्लिपिंग’ म्हणतात. तापीच्या डोहावर बारा फुटी माणवेल घेऊन बाभळीच्या मुळांत गळ सोडणारी आमची माणसं वेगळं काय करत होती? मला हे साम्य कळलं तेव्हा मामांच्या काठीकडे बघायची नजरच बदलली.

इकडे हतनूरने नदी बदलली. 41 दरवाजांच्या भिंतीमागे पाणी तुंबलं आणि पूर्णेचा चांगदेवजवळचा संगमही त्या फुगवट्यात आला. आमच्या यावल तालुक्यात हिंगोण्याजवळ मोर नदीवर धरण झालं. गळवाला डोहाच्या काठावरून उठून धरणाच्या दगडी पिचिंगवर येऊन उभा राहिला. इथे पाणी उतरत जातं, समोर पन्नास-साठ फुटांवर खोली सुरू होते, आणि बांधलेली दोरी तिथवर कशी जाणार? मग नव्वदच्या सुमारास घडी घालता येणारी फायबरची काठी आणि साधं स्पिनिंग रीळ हातात आलं. आठ-नऊ फूट. या पाण्याला ती लांबी अगदी बरोबर होती, आणि आजही आहे. शिशाचा भार लावून रोहू-कटल्यासाठी कणकेचा गोळा लांब फेकायचा तर लांब काठी भार जोरात हाकते. शिवाय पिचिंगचे दगड गळाच्या तारेला घासून तोडतात. काठी उंच धरली की तार दगडांवरून सुटी राहते. धरणाच्या भिंतीवर उभं राहून साडेसहा फुटांच्या काठीने शिंगाळा ओढणाऱ्याची तार दगडात अडकलेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

आता गेल्या दहा-पंधरा वर्षांत पोरांच्या हातात काठी पुन्हा आखूड झाली, आणि त्याला कारण मरळ. बास आपल्या धरणात नाही. पण दुकानात मिळणाऱ्या निम्म्या काठ्यांवर बासचंच नाव असतं आणि लांबी फूट-इंचात. त्या मरळीला चालतात, कारण दोघांची शिकारीची रीत सारखी: गवताच्या सावलीत दबा धरायचा आणि वरून काही गेलं की झडप. रबराचा बेडूक शेवाळावरून टुकूटुकू ओढायचा. मरळ फाडकन घेते, आणि नवखा त्याच क्षणी काठी उचलतो. बेडूक रिकामा परत येतो. तार ताणली गेली, वजन लागलं, तेव्हाच उचलायचं. इथे लांबी कामाला येते. शेंडा जितका दूर, तितकी सैल तार एका झटक्यात गोळा होते.

म्हणून माझं ठाम मत: गवतात बेडूक खेळवायचा तर सात फूट, जरा ताठ. काठावर बाभळी वाकलेल्या असतील तर सहा किंवा साडेसहा, कारण मागे हात न्यायलाच जागा नसते. पाण्यालगत बसून पाण्यावरचं आमिष डावी-उजवीकडे नाचवायचं तरीही आखूडच. शेंडा खाली धरावा लागतो आणि लांब काठी पाण्याला लागते. लांबीची किंमतही मोजावी लागते. काठी तरफ आहे, आणि तिचं लांब टोक माशाकडे असतं. दोन किलोची मरळ साडेसहा फुटांवर जेवढी जड लागते, त्याहून साडेसात फुटांवर जास्त. बारक्या चणीच्या पोराला आठ फुटी काठी घेऊन देणाऱ्या बापाने हे आधी बघावं.

धरणाचा ठेका मत्स्यव्यवसाय सोसायटीकडे असतो, त्यांना विचारूनच बसावं. यावल अभयारण्यातल्या पाण्यात तर गळ टाकताच येत नाही. आणि पावसाळ्यात पाण्यावर केशरी पिल्लांचा झुबका बुडबुडताना दिसला की त्याखाली मरळीची जोडी राखणीला असते. ती राखण करतानाच झडप घालते म्हणून तिथेच बेडूक फेकणारे आहेत. ते मला पटत नाही. ती जोडी गेली की अख्खा झुबका इतर माशांच्या पोटात जातो.

हतनूरमध्ये दरवर्षी गाळ साठतो आहे. कडेचं पाणी उथळ होतंय आणि उथळात गवत दाट होतंय. सात फुटांवर समाधानी असलेले काही जण आता साडेसात फुटांची, आणखी ताठ काठी शोधत आहेत. ती मिळाली की ते फेकणार नाहीत, उभं राहून गवताच्या भोकात बेडूक सोडतील.