बोनाफाईड : खिडकीवरचं आणि कोर्टातलं

जून-जुलैत उदगीरच्या कुठल्याही कॉलेजात ऑफिसच्या खिडकीपुढे उभं राहा. ‘सर, एक बोनाफाईड पाहिजे’ हे ऐकू येणारच. एसटीचा पास, स्कॉलरशिप, हॉस्टेल, सगळ्याला तेच. त्यामुळे बोनाफाईड हे कागदाचंच नाव, असं बहुतेकांना वाटतं. मुळात ते लॅटिनमधले दोन शब्द, अर्थ ‘सद्भावनेनं’. इंग्रजीत पुढे त्याला ‘खराखुरा’ हा अर्थही चिकटला. बोनाफाईड स्टुडंट म्हणजे खरोखर शिकत असलेला विद्यार्थी. आपण विद्यार्थी गाळला, दाखला गाळला, विशेषण तेवढं ठेवलं.

उच्चाराबद्दल उगाच लाजू नये. इंग्लंडात बरेच जण ‘बोना फायडी’ म्हणतात, पण अमेरिकेत आपला ‘बोनाफाईड’ सर्रास चालतो.

बोनाफाईड म्हणजे टीसी नव्हे. टीसी शाळा सोडताना मिळते. बोनाफाईड सांगतं ते एवढंच, की हा मुलगा सध्या आमच्याकडे शिकतो. त्यावर जात लिहिलेली असली तरी तेवढ्या जोरावर जातीचा दाखला निघत नाही. तिथे जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणजे नातवाच्या बोनाफाईडपेक्षा आजोबांच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा मोलाचा. त्यावर ‘जिल्हा बीदर’ दिसलं तर दचकू नका. १९५६ पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यातच होतं.

खरा महागात पडणारा गैरसमज प्लॉटच्या व्यवहारातला. ‘मी पैसे मोजले, रजिस्ट्री केली, मला काही माहीत नव्हतं, म्हणजे मी बोनाफाईड खरेदीदार’ असं लोक छातीठोकपणे सांगतात. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा एवढ्यावर समाधान मानत नाही. कलम ४१ नुसार, मालक म्हणून वावरणाऱ्याकडून, खऱ्या मालकांच्या संमतीनं तो तसा वावरत असताना, जमीन घेतली, तर घेणाऱ्याला संरक्षण आहे. पण विकणाऱ्याला तसा अधिकार आहे का, याची वाजवी खबरदारी घेतलेली हवी. आधीचा दस्त रीतसर नोंदलेला असेल, तर तो तुम्ही वाचला नसला तरी तुम्हाला माहीत होता असंच कायदा सहसा धरतो. कब्जाचंही तसंच. प्लॉटवर तिसऱ्याच कुणाचा गोठा उभा आहे आणि तुम्ही त्याला साधं विचारलंसुद्धा नाही, तर ‘मला कल्पना नव्हती’ याला कोर्टात किंमत नाही. सात-बारा, फेरफार, इंडेक्स टू बघायचं आणि मग जागेवर जाऊन यायचं, ते यासाठी.

सद्भावना म्हणजे सगळीकडे एकच, हेही खरं नाही. १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट म्हणतो, हलगर्जीपणा झाला तरी चालेल, प्रामाणिकपणा हवा. जुन्या भारतीय दंडविधानाचं कलम ५२ याच्या उलट होतं: पुरेशी काळजी घेतली नाही तर ती सद्भावना नव्हेच. त्याच्या जागी २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनंही हीच व्याख्या ठेवली आहे.

भाडेकरू काढतानाही घरमालक ‘बोनाफाईड गरज’ पुढे करतो. दुकान मुलाला हवंय, हे खरं ठरलं म्हणून लगेच चावी मिळत नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कोर्टाला आणखी एक प्रश्न तपासावा लागतो: जागा सोडल्यानं भाडेकरूचे हाल जास्त होतील, की न मिळाल्यानं मालकाचे? भाडेकरूचे जास्त ठरले, तर गरज खरी असूनही दावा फेटाळला जातो.