नजरेच्या टप्प्यातला डोंगर

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने कार्मेलहून दक्षिणेला सॅन सिमियनकडे जाताना सांता लुसिया पर्वताची रांग जवळजवळ थेट पॅसिफिक महासागरात उतरते. कोन पीक हे दीड हजार मीटरहून उंच शिखर समुद्रापासून जेमतेम पाच किलोमीटरवर आहे. शंभर किलोमीटरहून लांब असलेल्या या अवघड मुलखाला बिग सर म्हणतात. मॉन्टेरेच्या स्पॅनिश वसाहतीतले लोक त्याला दक्षिणेकडचा मोठा प्रदेश म्हणत; ‘सर’ म्हणजे दक्षिण. किनाऱ्याने जाणारा राज्य महामार्ग क्रमांक १ हा इथला एकच सलग रस्ता, आणि तोही दोन पदरी. दर वर्षी लाखो लोक तो पाहायला येतात. कायम राहणारे मात्र दोन हजारांहूनही कमी. एवढी वर्दळ असूनही रस्त्याच्या कडेला दिसतात ते गवताचे उतार, चरणारी गुरे, घळीतली रेडवुडची झाडी आणि खाली फुटणाऱ्या लाटा. जाहिरातींचे फलक नाहीत, हॉटेलांची रांग नाही. हे आपोआप घडलेले नाही. गेली साठ-सत्तर वर्षे ते जपावे लागले आहे.

रस्ता होण्यापूर्वी इथली वाहतूक खेचरांच्या वाटेने किंवा लहान धक्क्यांवर लागणाऱ्या जहाजांतून चाले. बांधकामाला सुमारे १८ वर्षे लागली. सॅन क्वेंटिन तुरुंगातले कैदी दिवसाला ३५ सेंट मजुरीवर आणि शिक्षेत सूट मिळेल या आशेवर सुरुंग लावत, दगड फोडत. बिक्सबी ओढ्यावरचा काँक्रीटच्या एका कमानीचा, दरीच्या तळापासून सुमारे ८० मीटर उंचीवरचा पूल १९३२ मध्ये झाला आणि १९३७ मध्ये सगळा रस्ता खुला झाला. कठडे आणि मोऱ्यांची तोंडे बांधली ती दगडात. ही जुनी दगडी बांधणी आजही अनेक वळणांवर दिसते आणि तीही या रस्त्याच्या स्वभावाचाच भाग मानली जाते.

चांगला रस्ता झाला की दोन्ही कडांना दुकाने, खाणावळी, बंगले उभे राहू लागतात आणि ज्या देखाव्यासाठी माणसे आली तोच त्यांच्यामागे दडतो. मॉन्टेरे काउंटीने जाहिरातफलकांना लवकरच मनाई केली. १९६२ मध्ये किनाऱ्यासाठी एक आराखडा तयार झाला. त्यात पुढाकार होता नॅथॅनियल ओइंग्ज यांचा. गगनचुंबी इमारती बांधणाऱ्या नामांकित कंपनीचे ते संस्थापक-भागीदार, आणि बिग सरचे रहिवासी. १९६३ मध्ये राज्याने निसर्गरम्य महामार्गांचा कायदा केला आणि त्याखाली पहिला मान या रस्त्याला मिळाला. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांनी बिक्सबी पुलाजवळ त्याची औपचारिक घोषणा केली. पण मान मिळाला म्हणजे डोंगर वाचला असे होत नाही. रस्त्याकडेच्या जमिनीवर काय बांधायचे हे ठरवणारे नियम नसतील, तर अशी घोषणा नुसत्या पाटीपुरती उरते.

खरा आधार मिळाला तो १९७६ च्या किनारा कायद्याने. ग्रामीण भागात महामार्ग क्रमांक १ हा निसर्गरम्य दोन पदरी रस्ताच राहावा, असा विधिमंडळाचा हेतू त्यात स्पष्ट नोंदवलेला आहे. हे वाक्य दिसते त्याहून मोठे आहे. अशा डोंगरात चौपदरी रस्ता करायचा तर कडे तासावे लागतात, वळणे सरळ करावी लागतात, घळी बुजवाव्या लागतात. म्हणजे रस्ता रुंद होताना ज्यासाठी तो प्रसिद्ध आहे तेच जाते. शिवाय अरुंद रस्त्यावरून किती गाड्या जाऊ शकतील याला मर्यादा असते. ती मर्यादा मान्य केली, की जमिनीचे किती तुकडे पाडायचे आणि किती घरे वाढू द्यायची, यालाही आपोआप लगाम बसतो. रस्त्याकडेचे गावपण टिकवायचे तर आधी रस्त्याची रुंदी आवरावी लागते, हे इथे फार लवकर ओळखले गेले.

१९८० मध्ये बिग सर केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आणण्याचा प्रयत्न झाला. छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स त्याच्या बाजूने होते, पण बऱ्याच स्थानिकांना वॉशिंग्टनचा हात नको होता. विधेयक बारगळले आणि जबाबदारी काउंटीवरच राहिली. तिने केलेला जमीन-वापर आराखडा १९८६ मध्ये मंजूर झाला. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: महामार्गावरून जे दिसते, तिथे नवे बांधकाम नाही. दिसते म्हणजे काय, हेही ठरवून दिले आहे. दुर्बीण न लावता, साध्या डोळ्यांनी, कोणत्याही दिशेला, कोणत्याही ऋतूत आणि कितीही थोडा वेळ दिसले तरी ते दिसलेच. बिग सर खोरे, लुसिया, गोर्डा अशा थोड्या वस्त्यांना तेवढी सूट आहे.

कागदावरचा हा नियम डोंगरावर अगदी साध्या पद्धतीने तपासला जातो. घर बांधू पाहणाऱ्याला जागेवर काठ्या रोवाव्या लागतात आणि छपराच्या कडांच्या उंचीवर नारिंगी जाळी ताणावी लागते, म्हणजे होऊ घातलेल्या घराची आकृती हवेत उभी राहते. मग तपासणीला आलेला अधिकारी रस्त्यावरून बघतो. जाळीचा एक कोपरा जरी वळणावरून डोकावला, तरी घर खाली सरकवावे लागते, बुटके करावे लागते किंवा ती जागाच सोडावी लागते. हिरव्या-करड्या उतारावर नारिंगी रंग लांबूनही लपत नाही, त्यामुळे वादाला फारशी जागा उरत नाही.

ज्याची सगळीच जमीन रस्त्यावरून दिसते त्याने काय करायचे? अशा मालकाला बांधकामाचा हक्क न दिसणाऱ्या जागेवर हलवता येतो किंवा दुसऱ्याला विकता येतो. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या बिग सर लँड ट्रस्टसारख्या संस्था जमीन विकत घेतात, किंवा जमीन मालकाकडेच ठेवून त्याच्याशी बांधकाम न करण्याचा कायमचा करार करतात. बिक्सबी पुलालगतचे ब्राझील रँच २००२ मध्ये अशाच मार्गाने वन खात्याकडे आले. मालकीची कुरणे चालू राहणेही गरजेचे आहे, कारण गुरे चरेनाशी झाली की गवताच्या उतारांवर झुडपे माजतात आणि मोकळा डोंगर हळूहळू झाकला जातो.

घरांवर लक्ष ठेवणे त्या मानाने सोपे. अवघड आहे तो दरडींचा प्रश्न. २० मे २०१७ रोजी मड क्रीकजवळ डोंगराची बाजू खचली, सुमारे ४०० मीटर रस्ता गाडला गेला आणि किनारा समुद्रात पाच हेक्टरांहून अधिक पुढे सरकला. वाहतूक सुरू व्हायला १४ महिने लागले आणि ५ कोटी ४० लाख डॉलर खर्च आला. पूर्वी दरडीचा ढिगारा सरळ समुद्रात लोटत. १९९२ मध्ये इथला समुद्र सागरी अभयारण्य झाल्यापासून तसे करता येत नाही. दुरुस्तीत उभ्या राहणाऱ्या भिंती, लोखंडी कठडे, जाळ्या, सूचनाफलक यांनीही देखावा बिघडतो. म्हणून महामार्ग खात्याने २००४ मध्ये स्थानिकांना बरोबर घेऊन या रस्त्यासाठी वेगळा व्यवस्थापन आराखडा केला.

नियमांची झळ सर्वांत जास्त लागते ती इथे काम करणाऱ्यांना. नवी घरे जवळपास होत नाहीत, असलेली पर्यटकांना भाड्याने जातात, आणि स्वयंपाकी, सफाई कामगार लांबून गाडी हाकत येतात. देखाव्याची जितकी काळजी घेतली गेली, तितकी या माणसांच्या निवाऱ्याची घेतली गेली नाही. तिकडे बिक्सबी पुलापाशी छायाचित्रांसाठी गाड्या वाटेल तशा उभ्या राहतात आणि रस्ता तुंबतो.

इथल्या रहिवाशांचे रस्त्यावरचे अवलंबित्व २०१७ च्या फेब्रुवारीत उघडे पडले. फायफर घळीवरचा पूल खचला आणि वस्तीचे दोन तुकडे झाले. जंगलातून पायवाट काढली गेली. मुले शाळेला आणि माणसे कामाला त्या चढणीने पायी जाऊ लागली. ऑक्टोबरमध्ये पोलादी तुळयांचा नवा पूल खुला झाला. घळीत एकही खांब न रोवता तो एका झेपेत टाकला आहे, आणि त्यावरचा रस्ता पूर्वीसारखाच दोन पदरी ठेवला आहे.